कोकणात एवढा पाऊस पडतो, मग एप्रिलात टँकर का?

सडेकर

नमस्कार मंडळी. हा विषय गावात, एसटीत, मुंबईच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये दरवर्षी निघतो आणि दोन वाक्यांत संपतो. "सरकार काय करत नाय" किंवा "माणसं आळशी झाली". मला दोन्ही पटत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय, ज्याला जे माहीत आहे त्याने भर घालावी.

आमचं गाव लांजा तालुक्यात. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, काही वर्षी त्याहून बराच जास्त. आंबोलीला तर सात हजारच्या आसपास पडतो. राज्याच्या जमिनीचा जेमतेम दहावा हिस्सा म्हणजे कोकण आणि राज्यातल्या नद्यांच्या पाण्यातलं जवळपास निम्मं पाणी इथल्या नद्यांत. आणि तरी मार्च संपला की वरच्या वाड्यांत, खास करून धनगरवाड्यांत, टँकरची वाट बघत बायका हंडे घेऊन उभ्या. हे असं का होतं ते समजून घ्यायचं तर आधी जमीन बघायला पाहिजे.

सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तर बहुतेक ठिकाणी पन्नास-साठ किलोमीटर, काही ठिकाणी त्याहूनही कमी. तेवढ्यात नदी हजार मीटरवरून शून्यावर येते. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, गड, कर्ली कुठलीही घ्या, डोंगरात पडलेलं पाणी एक-दोन दिवसांत खाडीला लागतं. गोदावरी-कृष्णेसारखं महिनोन्महिने वाहायला तिला वेळच नाही.

दुसरी गोष्ट जांभा. आमचा सडा म्हणजे मैलोनमैल उघडा जांभा दगड, वर वीतभर माती असली तर असली. पावसाळ्यात त्याच्यावर डबकी साचतात, गवत येतं, श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं, दीपकाडी असली फुलं फुलतात की बघत राहावं. पण दगड आतून चाळणी आहे. पाणी मुरतं आणि खाली पायथ्याला झऱ्यातून निघून पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, मिळतं. दिवाळीला पऱ्या खळखळून वाहतो, होळीला नुसते दगड.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ऑक्टोबर ते जानेवारी या चार महिन्यांत पऱ्याचं पाणी अडवणं हे आपल्या हातातलं काम आहे. त्याला धरण लागत नाही, सिमेंटची रिकामी पोती, माती-वाळू आणि वीस-पंचवीस माणसं लागतात. आणि नेमकी त्याच महिन्यांत गावात माणसं नसतात. गणपतीला घर भरलेलं, अनंत चतुर्दशी झाली की कुलूप. पुन्हा उघडतं ते शिमग्याला, तेव्हा पऱ्या आटलेला. कोकणच्या पाण्याचा प्रश्न हा मला तरी माणसं कधी गावात असतात याचा प्रश्न वाटतो. तुम्हाला काय वाटतं?

घाटावरची_मी

मी सातारची, सासर दापोली. धागा वाचून बरं वाटलं कारण लग्न होऊन आले तेव्हा मलाही हेच कळत नव्हतं, आमच्याकडे माण-खटावला पाचशे मिमी पावसात लोक ज्वारी काढतात आणि इथे एवढ्या पावसात दुसरं पीक का नाही. एक विचारते, मोठी धरणं का नाही बांधली? आमच्याकडे तर धरणावरच सगळं चालतं.

जांभादगड

ताई, मी भूजलाच्या कामात बरीच वर्षं काढलीत म्हणून थोडं सांगतो. मोठं धरण बांधायला वर पाणी साठवायला जागा आणि खाली भिजवायला सपाट रान, दोन्ही लागतं. इथे दऱ्या चिंचोळ्या, पाणी साठवायचं तर जी काय थोडी मळ्याची जमीन आहे तीच बुडते, आणि खालची शेती डोंगराच्या उतारावर गुंठ्या-गुंठ्याने विखुरलेली, तिथे कालवा नेणार कुठून? उतार कापून कालवा काढला तर दर पावसात दरड येऊन तो बुजतो. शिवाय जांभ्यावर बांधलेले कितीतरी छोटे तलाव गळतात, डिसेंबरात कोरडे. धरण नीट राखलं नाही तर काय होतं ते २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे गावाने बघितलं. धरण फुटलं आणि वीसेक जणांचा जीव गेला, आख्खी वाडी वाहून गेली.

सडेकरांनी जांभ्याचं बरोबर सांगितलंय, त्यात एक भर. जांभ्याचा थर खूप ठिकाणी दहा-वीस मीटरचा, कुठे जास्त. त्याच्याखाली पांढरट-पिवळी चिकणमाती असते आणि त्याखाली काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. मुरलेलं पाणी त्या चिकणमातीपाशी अडतं आणि आडवं सरकत डोंगराच्या कडेला झरा होऊन बाहेर येतं. म्हणून आपल्याकडे जुन्या विहिरी, बावी, देवळं सगळी त्या एका उंचीच्या पट्ट्यात दिसतात, जुन्या माणसांनी वाड्या तिथेच वसवल्या. आता लोक अंगणात दीडशे-दोनशे फूट बोअर मारतात आणि ती चिकणमाती फोडून पार कातळात जातात, वरचं पाणी मिळत नाही आणि खालच्या कातळात फट लागली तरच पाणी, नाहीतर पैसे पाण्यात. खाली दक्षिण सिंधुदुर्गात दगडच वेगळा आहे, तिथलं गणित वेगळं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे सरकारी कागदावर सडा म्हणजे 'पडीक'. पडीक म्हटलं की कोणीही यावं, चिरेखाण काढावी नाहीतर प्रकल्प टाकावा. अहो, तो सडा हेच खालच्या झऱ्याचं पाणलोट आहे. वरचा जांभा चिऱ्यांसाठी खोल कापून नेला की खालच्या वाडीचा झरा दोन-चार वर्षांत बसतो.

बारसूकर

जांभादगड, शंभर टक्के सहमत. आणि आमच्या सड्यावर नुसतं पाणलोट नाही, कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं आहेत. कशेळीचा हत्ती ज्याने बघितला असेल त्याला कळेल मी काय म्हणतोय, सतरा-अठरा मीटर लांब हत्तीची आकृती आणि तिच्या पोटात माशांपासून पक्ष्यांपर्यंत कितीतरी प्राणी कोरलेले. बारसू, देवाचे गोठणे, रुंढे तळी, उक्षी, जांभरूण, कुडोपी ही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. हजारो वर्षांपूर्वी माणसं त्या सड्यावर येत होती, तिथल्या डबक्यांना पाणी पीत होती. त्याला पडीक म्हणणं बंद झालं पाहिजे.

बारसूच्या रिफायनरीचा विषय मुद्दाम काढत नाही, धागा भरकटेल.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणची. पाणी म्हटलं की आमच्याकडे दोन टोकं. एक २२ जुलै २०२१. रात्री पाणी चढायला लागलं, सकाळी बाजारपेठेत पहिला मजला बुडालेला. महाबळेश्वरला त्या एका दिवसात जवळजवळ सहाशे मिमी पाऊस झाला होता, वरून भरतीची वेळ. बाजारातल्या दुकानदारांची आयुष्याची कमाई चिखलात गेली. किराण्याच्या पोत्यांचा, कपड्यांच्या गठ्ठ्यांचा कुजका वास कितीतरी दिवस गल्लीतून हलत नव्हता. नंतर लोकांनी उपोषणं केली तेव्हा कुठे नदीतला गाळ काढायला सुरुवात झाली.

दुसरं टोक म्हणजे त्याच वाशिष्ठीच्या वरच्या अंगाला डोंगरावरच्या वाड्या फेब्रुवारी-मार्चपासून टँकरवर. आणि यातली सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून झाल्यावर सोडलेलं पाणी. कोयना नदी खरं तर पूर्वेला जाणारी, कृष्णेची. तिचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या या अंगाला पाडून पोफळीला वीज करतात, मग कोळकेवाडीला आणखी एकदा वीज करून ते वाशिष्ठीत सोडतात. वर्षाला ६७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. बाराही महिने. म्हणजे आमची नदी उन्हाळ्यातही भरून वाहते, थोडं पाणी औद्योगिक वसाहतीला, शहराला लागतं आणि बाकी सगळं दाभोळच्या खाडीत. नदी खाली, वाडी वर, मध्ये तीनशे-चारशे मीटरचा चढ. पाणी वर चढवायचं तर विजेचं बिल ग्रामपंचायत कुठून भरणार? कित्येक नळपाणी योजनांचे पंप बिल थकलं म्हणून बंद पडतात. पाण्यावर वीज होते ती राज्याला जाते आणि त्याच पाण्याच्या काठच्या गावाला ते उपसायला वीज परवडत नाही, याचा विचार कोणीतरी करायला हवा.

हापूसवाला_देवगड

आंब्याबद्दल कोणी बोललं नाही अजून. १९९० मध्ये रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानावर फळबाग योजना आली, त्यानंतर कोकण बदललं हे मान्य करायला पाहिजे. कातळावर सुरुंग लावून खड्डा काढायचा, दुसरीकडून माती आणून भरायची आणि कलम लावायचं. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात प्रत्येक कलमाला पाणी घालावं लागतं, ते पाणी आमच्या आया-बहिणींनी खालच्या विहिरीवरून डोक्यावर वाहिलंय. आज कातळावर हिरव्यागार बागा दिसतात त्याच्या मागे ते आहे. कलम लागलं की मग त्याला पाणी लागत नाही, मुळं फटीतून खाली जातात.

पण आता फवारणीलाच एवढं पाणी लागतं. मोहर लांबतो, तुडतुडे, थ्रिप्स, अवकाळी पाऊस झाला की पुन्हा फवारणी. डिसेंबर-जानेवारीत दोनशे लिटरच्या टाक्या भरभरून सड्यावर न्याव्या लागतात. २०१८ ला हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, चांगलं झालं, पण वाशी मार्केटमध्ये पेटीचा भाव अजून दलालच ठरवतो आणि उरलेला माल कॅनिंगला जातो तो कवडीमोल.

आणि माणसांचं म्हणाल तर सडेकर म्हणतात ते बागेतही तसंच आहे. राखणीला नेपाळी गडी, कलमांवर चढायलाही बरेचदा तेच. बंदरावर जा, ट्रॉलरवर खलाशी नेपाळी. त्यांच्याबद्दल तक्रार अजिबात नाही, ते नसते तर आमचा हंगाम उभा राहिला नसता. पण आमची पोरं कुठे गेली?

लालबागचा_गाववाला

पोरं मुंबईला गेली दादा, आणि आजची नाही गेली. माझे आजोबा गिरणीत होते, वडील गिरणीत लागले आणि १९८२ च्या संपात बाहेर पडले. आमच्या गावातल्या प्रत्येक घराचा एक बाप्या मुंबईला, दर महिन्याला मनीऑर्डर, त्याच्यावर भात-कुळीथ आणि पोरांचं शिक्षण. गावच्या शेतीतनं वर्षाचं पोट कधीच भरत नव्हतं, चार महिन्यांचं भात व्हायचं. त्यात खोती. पिकवायचा कुणबी आणि अर्धं धान्य खोताच्या घरी. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून वर्षानुवर्षं संप केला, बाबासाहेबांनी १९३७ ला कायदेमंडळात खोती बंद करायचं बिल मांडलं, तरी खोती कायद्याने जायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. तेव्हा "पोरं जमीन सोडून का गेली" असं विचारताना जमीन कोणाची होती तेही विचारा. राग मानू नका, मनापासून लिहितोय.

हापूसवाला_देवगड

राग कसला. तुमचं बरोबर आहे, मी तेवढं मागे जाऊन लिहिलं नव्हतं, वाचणाऱ्यांना कळायला पाहिजे ते तुम्ही लिहिलंत.

सडेकर

लालबागचा_गाववाला, खूप महत्त्वाचं लिहिलंत. त्याला जोडून सातबाऱ्याचं सांगतो. आमच्या घरचा एक तुकडा आहे, पऱ्याच्या काठचा, विहिरीला अगदी योग्य जागा. सातबाऱ्यावर चुलत-मावसांसकट नावं एवढी की एक पान पुरत नाही. त्यातले काही वारलेत, त्यांची वारस नोंद नाही, काही जणी लग्न होऊन कुठे गेल्या कोणाला माहीत नाही. विहिरीच्या योजनेचा अर्ज भरायचा तर सगळ्यांची संमतीपत्रं. एक काका विरारला, एक बदलापूरला, कोणी नाही म्हणत नाही पण सही करायला कोणी येतही नाही. योजना येते, मार्च एंडला पैसे परत जातात. कोकणात अशा सामायिक जमिनी घरटी आहेत. म्हणून मी पोत्यांच्या बंधाऱ्याच्या मागे लागलोय, त्याला सातबारा लागत नाही, पऱ्या सगळ्यांचा.

रापणकार

समुद्राकडची बाजू कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. माझो गाव मालवण तालुक्यात. आमची रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, एक होडी जाळं टाकत अर्धगोल फिरून येते आणि दोन्ही टोकांना पन्नासेक माणसं दोर ओढतात. जाळ्याचा आपापला तुकडा घालून प्रत्येक घर भागीदार, माशाचे वाटे पडतात, म्हाताऱ्याला आणि विधवेलाही वाटा. आता पर्ससीनवाले (यांत्रिक बोटीवरून मोठं जाळं घेरून थवेच्या थवे पकडणारे) आणि रात्री एलईडी लावून मासळी ओढणारे आल्यापासून तारलं-बांगडा किनाऱ्याला येतच नाही. सरकारने २०१६ ला पर्ससीनवर निर्बंध घातले, नंतर दंडही वाढवला, पण समुद्रात बघायला कोण जातंय. १ जून ते ३१ जुलै बंदी असते तेवढे दोन महिने तरी मासळीला आराम.

आणि पाणी म्हणाल तर डोंगरातून माती वाहून येते ती शेवटी आमच्या खाडीत बसते. राजापूरला शिवाजी महाराजांच्या काळात इंग्रजांची वखार होती, गलबतं खाडीतून वरपर्यंत यायची, आज ती खाडी गाळाने भरली. खाडीच्या तोंडाला वाळूचा बार झाला की ओहोटीला होडी आत येत नाही. किनाऱ्याच्या विहिरी उपसून उपसून मचूळ झाल्यात, पर्यटकांच्या खोल्या वाढल्या तसा उपसाही वाढला. वरच्यांनी पाणी आणि माती अडवली तर आमचं पण भलं होणार, हे डोंगरातल्या लोकांना सांगा.

धामापूरची_लेक

सगळे प्रॉब्लेमच लिहितायत म्हणून एक चांगलं लिहिते. मालवण तालुक्यातला धामापूर तलाव बघा. १५३० च्या सुमारास गावकऱ्यांनी बांधलेला, दोन टेकड्यांच्या मध्ये मातीचा बांध, काठाला भगवतीचं देऊळ, भोवती दाट झाडी. जवळजवळ पाचशे वर्षं झाली, अजून पाणी आहे, खालची भातशेती भिजते, मालवण शहरालाही तिथून पाणी जातं. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. तिथे पाणी टिकलं कारण वरचं रान टिकलं आणि रान टिकलं कारण देवीचं होतं. आमच्याकडे देवराईतली काठी मोडायची हिंमत कोणी करायचं नाही. तुमच्या गावची देवराई आठवा, तिच्यात किंवा तिच्या खाली एखादं पाण्याचं ठिकाण बहुतेक असणारच.

आता जीर्णोद्धाराच्या नावाखाली देवराया तोडून काँक्रीटची देवळं होतायत, कमान होतेय, सभामंडप होतोय, त्याला मुंबईकर मंडळं लाखांनी वर्गणी देतात. ती वर्गणी देणारी माणसं वाईट नाहीत, श्रद्धेने देतात. पण देवाच्या नावाने झाड तुटलं की झरा तुटतो एवढं तरी त्यांना कोणीतरी सांगा.

घाटावरची_मी

धामापूरची_लेक, हे फार आवडलं. दापोलीला आमच्या सासऱ्यांच्या वाडीतही देवळाखाली कुंड आहे, मे महिन्यातही तळ दिसत नाही. आता वरची झाडी कोणाच्या मालकीची ते विचारते. रत्नागिरीत जंगल बहुतेक खासगी ना? कोणी ठेकेदाराला विकलं तर?

जांभादगड

हो ताई, रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी नगण्य, जवळपास सगळं खासगी मालकीचं. मालक मुंबईत, त्याला झाडांचे एकरकमी पैसे मिळतात, तो देऊन टाकतो. म्हणून पुन्हा तोच मुद्दा, गावात राहणारं माणूस नसेल तर रानाचा राखणदार कोण.

वाडीचो_पोरगो

मी गावातच ऱ्हवतंय, कुडाळाकडे. आमच्याकडे ग्रामपंचायत दरवर्षी व्हाळार (पऱ्यार) कच्चे बंधारे घालता, पण माणसा जमनत नाय. म्हातारी माणसा आणि शाळेतली पोरां, इतक्यांनीच पोती उचलूची. तरी ज्या वर्षी बंधारो बरो झालो त्या वर्षी आजूबाजूच्या बावींचा पाणी मार्चाअखेर एक पुरुसभर वर होता, ह्या माझ्या डोळ्यांनी बघलंय. त्या पाण्यार बायकांनी चवळी, मुळो, लाल भाजी केली आणि कुडाळच्या बाजारात विकली. काजीची बी आफ्रिकेतसून येता म्हणून आमच्या बियेक दर नाय, बोंडू तर झाडाखाली कुसतत, गोव्यात त्याची फेणी होता. तवा भाजीचे चार पैसे बरे वाटतत.

एक सुचवतंय. सगळे म्हणतत गणपतीक येतत आणि शिमग्याक येतत. पण आमच्या सिंधुदुर्गात कार्तिकापासून जत्रा सुरू होतत, दशावतार असता, त्या वक्ताक मुंबैचो माणूस एक-दोन दीस का होईना येता. रात्रभर नाटक बघता. जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी बंधारो घातलो तर?

सडेकर

वाडीचो पोरगो, हे भारी आहे! मी इतका विचार केला पण जत्रा डोक्यात आली नाही. नोव्हेंबर-डिसेंबर हीच बंधाऱ्याची वेळ, पाणी कमी झालेलं असतं पण वाहतं असतं. रत्नागिरीकडे एवढ्या जत्रा नाहीत पण देवदिवाळी आहे, ग्रामदेवतेच्या देवळात गाव जमतोच.

लालबागचा_गाववाला

आमच्या मंडळाच्या सभेत मांडतो. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा सगळे म्हणाले आता गाव जवळ आलं. जवळ आलं ते खरं पण आपण गणपतीच्या गर्दीतच जातो, नोव्हेंबरात गाडी रिकामी असते, रिझर्व्हेशन सहज मिळतं. दहा-बारा तरुण पोरं नक्की येतील. फक्त काम काय, किती वेळाचं, आणि सामान कोण आणणार ते स्पष्ट सांगा, नाहीतर आले आणि फोटो काढून गेले असं होतं.

जांभादगड

थोडक्यात लिहितो. जागा निवडताना पऱ्याचं पात्र अरुंद असेल आणि दोन्ही काठ पक्के असतील अशी बघा, वर पाण्याला पसरायला जागा हवी. तळाचा गाळ-पाचोळा काढून कातळ किंवा घट्ट थर लागेपर्यंत साफ करा, हे सगळ्यात महत्त्वाचं, नाहीतर पाणी पोत्यांखालून निघून जातं. पोतं गच्च भरू नका, तोंड शिवून बसवायला थोडं सैल पाहिजे. विटांसारखी सांधे मोडून रचायची, दोन रांगांमध्ये चिकणमाती दाबायची, जांभ्याची भुसभुशीत माती नको. उंची चार फुटांच्या वर नेऊ नका आणि मधोमध जादा पाण्याला सांडवा ठेवा. पावसाळ्याच्या तोंडावर पोती काढून टाकायची, प्लॅस्टिक वाहून रापणकारांच्या खाडीत जाता कामा नये. मध्यम पऱ्यावर वीस माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम. आणि बंधाऱ्याच्या खालच्या-वरच्या दोन-तीन विहिरींची पातळी दर पंधरवड्याला दोरी टाकून वहीत लिहा, पुढच्या वर्षी लोकांना दाखवायला तेच उपयोगी पडतं.

वाशिष्ठीकाठ

पोती बांधकामाच्या साइटवर फुकट मिळतात, पण आत्तापासून सांगून ठेवावं लागतं नाहीतर ते जाळतात. चिपळूण-खेडकडच्या कोणाला हवी असतील तर विपू (खासगी निरोप) करा, इथे महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या आणि घरांच्या कामावर ओळखी आहेत, ऑक्टोबरपर्यंत जमवून ठेवते. न्यायला टेम्पो मात्र तुमचा.

सडेकर

वाशिष्ठीकाठ ताई, विपू केलीय. आमच्या पऱ्यासाठी तीनशे पोती धरा.